शंका-समाधान : तलवार, जिझिया आणि विहिरीतला पाव

प्रश्न : इस्लाम तलवारीने पसरला आणि ख्रिस्ती धर्म सेवेने, असे नेहमी ऐकू येते. यात तथ्य किती? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोन्ही विधाने अर्धवट आहेत. तलवारीने राज्य मिळते. प्रजेचा धर्म बदलतो तो नंतरच्या पिढ्यांत, आणि त्या पिढ्यांना कोणते कायदे लागू होते हे पाहिल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

इजिप्त अरब फौजांनी ६३९ ते ६४२ या काळात जिंकला. त्यानंतरही कितीतरी पिढ्या तिथली बहुसंख्य प्रजा कॉप्टिक ख्रिस्तीच होती. राज्यकर्त्यांना धर्मांतराची घाई नव्हती, कारण माणूस मुसलमान झाला की त्याचा जिझिया, म्हणजे बिगरमुसलमानांवरचा डोईकर, बुडे. उमय्या घराण्याच्या खलिफांचे अधिकारी तर नव्या मुसलमानांकडूनही तो कर घेत. खलिफा दुसरा उमर (७१७–७२०) याला ते थांबवण्याचा हुकूम काढावा लागला. खरा परिणाम केला तो एकाच दिशेने उघडणाऱ्या दारांनी. मुसलमान पुरुष ख्रिस्ती बाईशी लग्न करू शके, मुले मुसलमान होत. उलटे लग्न निषिद्ध. मुसलमान बापाचा वारसा ख्रिस्ती मुलाला मिळत नसे. इस्लाम सोडणाऱ्याला शास्त्रात देहदंड. अशी व्यवस्था दहा-पंधरा पिढ्या चालली की रोजचा जुलूम नसतानाही समाज एका बाजूला कलतो. आणि जुलूमही अधूनमधून होताच : ८३१–३२ मधले डेल्टातले बंड चिरडले गेले, चौदाव्या शतकात मामलुक सुलतानांच्या काळात चर्चे पाडली गेली, ख्रिस्ती कारकुनांवर धर्म किंवा नोकरी यांतले एक निवडण्याची पाळी आली.

आता ख्रिस्ती बाजू. पहिली तीन शतके हा धर्म राजसत्तेविना, अनेकदा तिचा छळ सोसून वाढला, हे निर्विवाद. पण ३८० मध्ये रोमन सम्राट थिओडोसियसने त्याला साम्राज्याचा धर्म केले आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत जुन्या देवांची पूजा गुन्हा ठरली. फ्रँकांचा राजा शार्लमेन याने जर्मनीतल्या सॅक्सन लोकांशी ७७२ ते ८०४ असे युद्ध केले. ७८२ मध्ये व्हेर्डेन इथे साडेचार हजार कैद्यांची मुंडकी उडवल्याचे फ्रँकांच्या दरबारी बखरीतच नोंदले आहे, आणि बाप्तिस्मा टाळणाऱ्याला मृत्युदंड हे कलम त्याच्या कायद्यात होते. इतका थेट जबरदस्तीचा लेखी कायदा दोन्ही धर्मांच्या इतिहासात क्वचितच सापडतो.

प्रश्न : जिझिया नेमका किती असे? त्यापायी लोक बाटत का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : हनफी या इस्लामी धर्मशास्त्राच्या पंथाप्रमाणे श्रीमंताला वर्षाला ४८, मध्यमाला २४ आणि गरिबाला १२ दिरहम. बायका, मुले आणि अपंगांना माफी. आकडे ऐपतीप्रमाणे दुपटीने वाढतात, पण भार समान नव्हता : सावकाराला ४८ म्हणजे काहीच नाही, मजुराला १२ म्हणजे कित्येक दिवसांची कमाई. अकबराने १५६४ मध्ये हा कर उठवला, औरंगजेबाने १६७९ मध्ये पुन्हा बसवला. त्याच्या निषेधाचे शिवाजी महाराजांच्या नावचे पत्र प्रसिद्ध आहे.

मात्र नुसत्या कराने मुलूख बाटत नाही. दिल्ली-आग्र्याभोवती मुसलमानी सत्ता सर्वांत पक्की आणि सर्वांत दीर्घ, तरी तिथे मुसलमान अल्पसंख्यच राहिले. उलट दिल्लीपासून दूर पूर्व बंगालात १८७२ च्या शिरगणतीत मुसलमान बहुसंख्य निघाले तेव्हा इंग्रज अधिकारीही चकित झाले. तिथे जंगल तोडून भातशेती वसवणाऱ्या वस्त्या पीर-मशिदींभोवती वाढल्या होत्या, आणि जातिव्यवस्थेची मुळे मुळातच तिथे खोल गेलेली नव्हती.

प्रश्न : गोव्यात लोक इन्क्विझिशनने बाटवले ना? आणि विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याची गोष्ट खरी का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : इथे क्रम नीट लावायला हवा, कारण तारखाच घोटाळा सोडवतात. पोर्तुगिजांनी गोवा १५१० मध्ये घेतला. तिसवाडीतली देवळे १५४० च्या सुमारास पाडली आणि पुढच्याच वर्षी देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळवले. बार्देश आणि साष्टी १५४३ मध्ये त्यांच्या ताब्यात आले. १५५९ मध्ये अनाथ हिंदू मुले पाद्र्यांच्या हवाली करण्याचा हुकूम निघाला. इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिस्त्यांतले पाखंड शोधून शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, आले १५६० मध्ये, म्हणजे धर्मांतराचे यंत्र आधीच सुरू होते.

शिवाय इन्क्विझिशनचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. पोर्तुगालमधून आलेले, नावाला ख्रिस्ती झालेले ज्यू हे त्याचे सुरुवातीचे मोठे भक्ष्य : औषधी वनस्पतींवर लिहिणाऱ्या गार्सिया द ओर्ताच्या बहिणीला १५६९ मध्ये जाळले, त्याची स्वतःची हाडे १५८० मध्ये उकरून जाळली. नंतर घरात जुने कुळाचार पाळणारे नवख्रिस्ती सापडू लागले. १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे सोडता, ते चालले. त्याची दहशत भयंकर होती, पण तिचे काम माणसाला परत जाऊ न देणे हे होते. त्याला आत आणले ते जमीन, वारसा, हुद्दा आणि देऊळ यांवरच्या कायद्यांनी. १५६७ च्या धर्मसभेने कोणालाही बळजबरीने बाप्तिस्मा देऊ नये असे ठरवले; त्याच वर्षी साष्टीतली जवळपास २८० देवळे पाडली गेली. मानेवर सुरी नाही, पण गावात देव नाही, भट नाही, हक्काचे उत्पन्न नाही. याला राजीखुशी म्हणता येणार नाही.

ज्यांना जमले ते देव घेऊन खाडीपलीकडे गेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. फोंड्याचा हा मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता, हे विसरू नये. पोर्तुगिजांनी फोंडा घेतला तो १७६३ मध्ये. अठराव्या शतकात जिंकलेल्या या मुलखात, म्हणजे नव्या काबिजादीत, त्यांनी धर्माला हात लावला नाही, म्हणून आजही ती देवळे तिथेच उभी आहेत.

आता पाव. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेले सारे गाव बाटले, ही गोष्ट गोव्यात आणि वसईत गावोगाव सांगतात. कायद्यांची मालिका समोर असताना एवढे मोठे धर्मांतर एका पावाच्या तुकड्यावर टाकण्याची गरज उरत नाही. पण गोष्टीत एक खरे दुखणे आहे : बाटलेल्याला परत घ्यायचे नाही हा नियम आपलाच होता. देवलस्मृतीत शुद्धीचे विधी आहेत. मोगलांनी मुसलमान केलेल्या नेताजी पालकरांना शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये परत घेतले. सामान्य कुळवाड्यासाठी मात्र त्या काळी हा दरवाजा फारसा कोणी उघडला नाही.

प्रश्न : आमचे कूळ मूळ साष्टीचे. आमच्यातली एक शाखा ख्रिस्ती झाली असे घरी सांगतात. शोध कसा घ्यावा? (एक वाचक, कारवार)

उत्तर : आधी गाव आणि कुळाचे वांगड, म्हणजे गावकऱ्यांतला कुळाचा गट, नक्की करा. मग त्या गावच्या चर्चची बाप्तिस्म्याची जुनी पुस्तके कुठे आहेत ते विचारा. काही चर्चमध्ये असतात, काही पणजीला पुराभिलेखात गेली आहेत. कोमुनिदादची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या गावकारीची, जुनी दप्तरेही तिथेच पाहावीत. आडनावावर विसंबू नका. नव्याने बाप्तिस्मा घेणाऱ्याला पुष्कळदा धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव मिळे, त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावे वेगळी आणि परक्यांची एक असे होते. कुळाची खूण गावकारीतल्या वांगडाच्या क्रमावरून पटते, कारण धर्म बदलला तरी तो क्रम बहुधा टिकला.