लसीवर वाद, तपासणीबाबत मौन

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लेख प्रसिद्ध झाल्यानंतर वाचकांची जी पत्रे आली, त्यांपैकी थोडीच पत्रे वैद्यकीय शंकांची होती. बहुतेकांना लस किंवा तपासणी यांपेक्षा त्यांच्याभोवतीच्या राजकारणाविषयी विचारायचे होते. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : लस म्हटली की थोडाफार विरोध होतोच, हे मान्य. पण एचपीव्हीच्या लसीवर जेवढे राजकारण झाले, तेवढे इतर लसींवर क्वचितच झाले असेल. यामागचे कारण काय?

या लसीत वादाला निमित्त ठरणाऱ्या अनेक गोष्टी एकदम जमून आल्या आहेत. एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा विषाणू प्रामुख्याने लैंगिक संबंधांतून पसरतो आणि त्याच्याशी संपर्क येण्याआधी दिली तरच लस पूर्ण उपयोगी पडते. म्हणून ती 9 ते 14 या वयात द्यावी लागते. नेमक्या याच वयाच्या मुलींबाबत लैंगिकतेचा उल्लेखही पालकांना नकोसा वाटतो. त्यातच लस सुरुवातीला फार महाग होती, ती मोजक्याच कंपन्या बनवत होत्या, आणि ज्या रोगापासून ती वाचवते तो संसर्गानंतर साधारण 15 ते 20 वर्षांनी उद्भवतो. आज खर्च करणाऱ्या मंत्र्याला त्याचे श्रेय आपल्या कारकिर्दीत मिळण्याची शक्यता नसते.

अमेरिकेतील टेक्सासचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील गव्हर्नर रिक पेरी यांनी 2 फेब्रुवारी 2007 रोजी सहावीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना ही लस सक्तीची करणारा आदेश काढला. पालकांना नकार देण्याची मुभा त्यात होती. तरीही काही महिन्यांतच राज्याच्या विधिमंडळाने तो निष्प्रभ केला. पुढे 2011 मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीच्या वादसभेत प्रतिस्पर्धी उमेदवार मिशेल बाकमन यांनी याच आदेशावरून पेरी यांना धारेवर धरले. पेरी यांचे एकेकाळचे प्रमुख सहायक लस बनवणाऱ्या मर्क कंपनीसाठी लॉबिंग करत होते, हा बाकमन यांचा मुद्दा रास्त होता. त्यानंतर मात्र त्यांनी लसीमुळे एका मुलीला मतिमंदत्व आल्याचे कोणा आईने सांगितलेले ऐकीव विधान जाहीरपणे उद्धृत केले, ज्याला कसलाही आधार नव्हता. हितसंबंधांविषयीचा योग्य प्रश्न आणि विज्ञानाविषयीचा निराधार आरोप एकाच श्वासात केले गेले, की पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही.

राजकारण नेहमी लसीच्या विरोधातच जाते असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर 2006 मध्ये औषधांच्या सरकारी खर्चाविषयी सल्ला देणाऱ्या समितीने, कंपनीने मागितलेल्या किमतीला ही लस परवडत नाही, असे म्हणून शिफारस नाकारली होती. लोकांमधून ओरड झाली, पंतप्रधानांनी लक्ष घातले, आणि काही आठवड्यांतच निर्णय फिरला. एप्रिल 2007 पासून तेथे शाळांमधून लसीकरण सुरू झाले. तो हस्तक्षेप लसीच्या बाजूचा असल्यामुळे आपण त्याला ‘राजकारण’ म्हणत नाही, एवढाच फरक.

प्रश्न : जपानसारख्या प्रगत देशाने ही लस थांबवली होती. धोका असल्याशिवाय सरकार असे पाऊल उचलेल का?

जपानने लस थांबवली नव्हती, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. एप्रिल 2013 मध्ये ती राष्ट्रीय कार्यक्रमात आली आणि त्याच वर्षी 14 जून रोजी सरकारने तिची ‘सक्रिय शिफारस’ मागे घेतली. लस मोफत उपलब्ध होती; फक्त घरोघरी जाणारी सूचनापत्रे बंद झाली. लसीनंतर काही मुलींना तीव्र वेदना आणि हालचालींचे त्रास झाल्याच्या बातम्या सतत येत होत्या, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत थोडे थांबावे असा सरकारचा विचार होता. हे थांबणे जवळजवळ नऊ वर्षे चालले. आधी सुमारे 70 टक्के असलेले लसीकरण एक टक्क्याखाली घसरले.

दरम्यान नागोया शहरात सुमारे 30,000 तरुणींच्या उत्तरांचा अभ्यास झाला. अशा 24 लक्षणांचे प्रमाण लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींमध्ये तपासले असता लसीशी त्यांचा संबंध दिसला नाही. युरोपीय औषध नियामकानेही 2015 मध्ये याच निष्कर्षाचा अहवाल दिला होता. जपान सरकारने शिफारस पुन्हा सुरू केली ती एप्रिल 2022 मध्ये. त्या खंडात लस न मिळालेल्या मुलींपैकी सुमारे 5,000 जणी पुढील आयुष्यात या कर्करोगाने दगावतील, असा एका गणिती प्रारूपाचा अंदाज आहे.

त्या मुलींचे त्रास खोटे होते, असे मी म्हणणार नाही. त्रास खरे असू शकतात आणि त्यांचे कारण लस नसू शकते. या दोन गोष्टी एकाच वेळी सांगण्याचे कौशल्य सरकारांपाशी क्वचितच असते. डेन्मार्कमध्येही अशाच बातम्या आणि 2015 मधील एका दूरचित्रवाणी माहितीपटानंतर लसीकरण कोसळले होते. तेथील आरोग्य खाते, कर्करोग संस्था आणि डॉक्टरांची संघटना यांनी गप्प न बसता पालकांच्या शंकांना उघडपणे उत्तरे दिली, तेव्हा ते काही वर्षांत सावरले.

प्रश्न : भारतात 2010 मध्ये याच लसीच्या प्रयोगात आदिवासी मुलींचे मृत्यू झाले. आपल्यासारखे लसीचे समर्थक याविषयी कधी बोलत नाहीत. का?

पत्रातील रोष मला समजतो, आणि या विषयावर मौन बाळगणे ही समर्थकांची मोठी चूक झाली, हेही मान्य करतो.

‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य सरकारे यांच्या सहकार्याने 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत मुलींना ही लस दिली. लस कंपन्यांनी विनामूल्य पुरवली होती. सात मुलींच्या मृत्यूंनंतर, एप्रिल 2010 मध्ये केंद्र सरकारने हा प्रकल्प थांबवला. चौकशी समितीच्या मते या मृत्यूंचा लसीशी संबंध असण्याची शक्यता नव्हती. त्यांत सर्पदंश, पाण्यात बुडणे आणि विषप्राशन अशी कारणे होती. येथपर्यंतचा भाग समर्थक सांगतात.

पुढचा भाग संसदीय स्थायी समितीच्या ऑगस्ट 2013 मधील अहवालात आहे. आंध्र प्रदेशातील 9,543 संमतिपत्रांपैकी 2,763 पत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. अनेक पत्रांवर केवळ अंगठे होते, आणि वाचता न येणाऱ्या पालकांना मजकूर कोणी व कसा समजावला, याचा पुरावा नव्हता. दुष्परिणामांची नोंद ठेवण्याची यंत्रणाही तोकडी होती. लस निर्दोष असली तरी ती देण्याची रीत सदोष असू शकते. ज्यांची मुलगी वसतिगृहात आहे आणि ज्यांना कोणी काहीच विचारले नाही, त्या आईवडिलांना ‘मृत्यूचे कारण वेगळे होते’ हे उत्तर पुरेसे वाटले नाही, यात त्यांची चूक काय?

या प्रकरणाचा एक अनपेक्षित परिणाम आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा एक वेगळा अभ्यास भारतात सुरू होता. लसीच्या दोन मात्रा तीन मात्रांइतक्या परिणामकारक आहेत का, हे त्यात पाहायचे होते. 2010 च्या सरकारी आदेशाने त्याचेही लसीकरण मध्येच थांबले आणि 17,000 हून अधिक मुलींपैकी जवळपास 5,000 मुलींना एकच मात्रा मिळालेली राहिली. संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. सुमारे दहा वर्षांनंतर एकाच मात्रेने मिळालेले संरक्षण दोन आणि तीन मात्रांच्या तोडीचे असल्याचे त्यांना आढळले. डिसेंबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 9 ते 20 या वयोगटासाठी एक मात्राही चालेल असे जाहीर केले, त्यामागे केनियातील चाचणीसारख्या इतर पुराव्यांबरोबर हा पुरावाही होता. एका राजकीय निर्णयाने अभ्यास मोडला आणि त्या मोडलेल्या अभ्यासानेच जगभरच्या कार्यक्रमांचा खर्च कमी केला.

प्रश्न : लसीवर एवढा पैसा घालण्याऐवजी महिलांच्या तपासणीवरच तो का खर्च करू नये? तपासणीने कर्करोग आधी कळतोच ना?

लस की तपासणी, अशी मांडणी सभागृहांत वारंवार होते, पण ती मुळातच चुकीची आहे, कारण दोन्हींचे लाभार्थी वेगळ्या पिढीतले आहेत. आज लस दिलेल्या मुलीला तिचा फायदा मिळायला वीस वर्षे लागतील. आज चाळिशीत असलेल्या तिच्या आईला लस फारशी उपयोगी नाही. तिच्या हाती तपासणीच आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये तीन उद्दिष्टे एकत्र ठेवली : 2030 पर्यंत 90 टक्के मुलींना पंधराव्या वर्षाआधी लस, 70 टक्के महिलांची वयाच्या पस्तिशीपर्यंत आणि पुन्हा पंचेचाळिशीपर्यंत खात्रीची तपासणी, आणि दोष आढळलेल्यांपैकी 90 टक्क्यांवर उपचार. यांतील पहिल्या आकड्यावर जगभर भांडणे होतात. उरलेल्या दोन आकड्यांवर कोणी आवाजही चढवत नाही.

माझे मत विचाराल तर सर्वांत मोठी अडचण हीच आहे. लसीला विरोधक आहेत म्हणून तिला कैवारीही आहेत. तपासणीला शत्रू नाही आणि त्यामुळेच वालीही नाही. लसीचा कार्यक्रम एका सकाळी, एका शाळेत पार पडतो. तपासणीच्या कार्यक्रमात नमुना घ्यावा लागतो, तो प्रयोगशाळेत नीट वाचावा लागतो, निकाल त्या महिलेपर्यंत पोहोचवावा लागतो, ती आली नाही तर तिला पुन्हा बोलवावे लागते आणि उपचारानंतरही तिच्यावर लक्ष ठेवावे लागते. यांतला एक दुवा तुटला तर आधीचा सारा खर्च वाया जातो.

तपासणी नीट केली तर काय साधते, याचा एक भक्कम पुरावा मराठी मुलखातूनच जगाला मिळाला. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील 30 ते 59 वर्षांच्या 1,31,746 महिलांच्या अभ्यासात एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात, नेहमीच्या सेवेवर असलेल्या गटाच्या तुलनेत, या कर्करोगाचे मृत्यू आठ वर्षांत जवळजवळ निम्म्याने घटले. हे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी न मिळालेल्या गटातील महिलांवर अन्याय झाला, असा गंभीर नैतिक आक्षेप या अभ्यासावर आणि मुंबईतील अशाच अभ्यासावर पुढे घेण्यात आला. त्या भागात तोवर कोणालाच तपासणी मिळत नव्हती, असे त्यावर संशोधकांचे म्हणणे होते. हे उत्तर मला पूर्ण पटत नाही, कारण सरकारचा नाकर्तेपणा हा संशोधनाचा मापदंड कसा ठरू शकतो?

तपासणीवरून वाद पेटतो तो ती फसल्यावरच. न्यूझीलंडमधील एका रुग्णालयात 1966 पासून अनेक महिलांच्या कर्करोगपूर्व बदलांवर पूर्ण उपचार न करता केवळ निरीक्षण चालू होते, तेही त्यांना नकळत. दोन स्त्रीवादी लेखिकांनी 1987 मध्ये ते उघड केले, न्यायिक चौकशी झाली आणि 1990 मध्ये राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम उभा राहिला. आयर्लंडमध्ये व्हिकी फेलन या महिलेचा 2011 मधील तपासणीचा नमुना निर्दोष ठरवला गेला होता. 2014 मध्ये त्यांना कर्करोगाचे निदान झाले. जुना निकाल चुकीचा होता हे फेरतपासणीत दिसूनही त्यांना ते वर्षानुवर्षे सांगितले गेले नाही. भरपाईच्या बदल्यात मौन पाळण्याची अट त्यांनी नाकारली, म्हणून 2018 मध्ये प्रकरण बाहेर आले. अशा 221 महिला निघाल्या आणि आरोग्य सेवेच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. कोणतीही तपासणी काही रुग्ण निसटू देतेच. आयर्लंडमधील संताप चुकीपेक्षा लपवाछपवीवर अधिक होता.

प्रश्न : विषाणू पुरुषांतूनही पसरतो, मग लस मुलींनाच का?

पुरवठा आणि पैसा मर्यादित असताना मुलींना प्राधान्य दिल्यास सर्वाधिक जीव वाचतात, आणि मुलींचे लसीकरण भरपूर झाले की मुलांनाही आपोआप काही संरक्षण मिळते. तरीही आपला आक्षेप योग्य आहे. एचपीव्हीमुळे पुरुषांनाही घशाचे व गुदद्वाराचे कर्करोग होतात. ऑस्ट्रेलियाने 2013 पासून मुलांनाही लस द्यायला सुरुवात केली आहे.

प्रश्न : आमच्या लोकप्रतिनिधीला या विषयावर एकच प्रश्न विचारायचा झाला, तर कोणता विचारावा?

किती मुलींना लस दिली हे विचारू नये. तो आकडा त्यांना पाठ असतो. किती महिलांची तपासणी झाली, हेही विचारू नये, कारण शिबिरांची संख्या फुगवणे सोपे असते. मागील वर्षी तपासणीत दोष आढळलेल्या महिलांपैकी किती जणींवर उपचार झाले आणि निकालापासून उपचारापर्यंत किती दिवस गेले, एवढेच विचारावे, आणि उत्तर लेखी मागावे.