वाचकांचे प्रश्न : ओढा किती आम्ल पचवतो?

प्रश्न : ओढ्याच्या पाण्याचा सामू 6.3 भरला. आम्ल पाऊस त्याला झेपतो, असं समजायचं का?

उत्तर : नाही. सामू त्या घडीची स्थिती सांगतो, पुढे किती आम्ल मुरेल ते सांगत नाही. शिवाय नमुना उघडा राहिला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सामू चढतो.

मोजायची ती आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता, म्हणजे एएनसी. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम यांच्या बेरजेतून सल्फेट, क्लोराइड, नायट्रेटची बेरीज वजा करा. आकडे लिटरमागे मायक्रो-इक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे आयनांचा विद्युतभार मोजणाऱ्या एककात हवेत. दोन मोठ्या बेरजांमधला हा लहानसा फरक असल्यानं एका आयनाचं मापन जरा हुकलं तरी अधिकाचं उणे होतं. नमुने पुरातलेही घ्या. पुराचं पाणी मातीच्या वरच्या थरांतून धावत येतं, खडकाशी त्याची गाठ कमी पडते, आणि मासे मरतात ते बहुधा तेव्हाच.

सहनमर्यादा, म्हणजे वर्षाला किती आम्ल पडलं तरी ओढ्याला इजा होत नाही तो आकडा, काढताना ‘आम्लीकरणापूर्वीचे’ कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे घ्यायचे, समुद्री मिठाचा वाटा वगळून. इथेच बहुतेकांचं गणित फसतं. आम्लानं मातीतून खेचून आणलेलं कॅल्शियम आजच्या पाण्यात असतं, त्यामुळे आजचा आकडा घातला की मर्यादा फुगते. समजा, मूळ बेरीज लिटरमागे 80 मायक्रो-इक्विव्हॅलंट आहे. ब्राउन ट्राउट माशासाठी एएनसीची रूढ सीमा 20, उरले 60. वर्षाला 1000 मिलिमीटर पाणी वाहत असेल, तर मर्यादा हेक्टरी 0.6 किलो-इक्विव्हॅलंट. नुसत्या गंधकाच्या भाषेत 9.6 किलो.

प्रश्न : मातीचं काय?

उत्तर : तिथे खडकाची झीज निर्णायक. क्वार्ट्झबहुल माती हेक्टरी वर्षाला 0.2 किलो-इक्विव्हॅलंटही सोसत नाही. चुनखडीयुक्त माती 2 च्या वर पचवते. जंगलासाठी मातीच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांचं ॲल्युमिनियमशी प्रमाण 1 च्या खाली जाऊ नये, अशी कसोटी लावतात. लाकूड तोडून नेलं तर त्यासोबत गेलेलं कॅल्शियमही वजा धरा. हे हमखास राहून जातं.

प्रश्न : प्रदूषण मर्यादेखाली आलं, तरी ओढा आम्लच का?

उत्तर : ही मर्यादा दीर्घकालीन समतोलाची असते. मातीत साठलेलं सल्फेट हळूहळू सुटत राहतं, आणि धुपून गेलेलं कॅल्शियम खडकाच्या झिजेतून भरून यायला अनेक दशकं लागू शकतात.