नियम थोडे ठेव, रीडिंग खरं ठेव

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझी दोन पानी नियमावली मिळाली. अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पहिल्या तासाला वाचून दाखवणार म्हणालीस, म्हणून पेन घेऊनच वाचली. एकही नियम चुकीचा नाही, आणि तू मनापासून केली आहेस हे ओळीओळीत दिसतं. तरी माझं पहिलं सांगणं हेच, की त्यातले निम्मे काढून टाक. वहीला कोणत्या रंगाचं कव्हर, समास किती बोटांचा, तास चालू असताना पाणी प्यायचं की नाही, हे सगळं तू पहिल्या दिवशी सांगशील आणि दिवाळीपर्यंत तुलाच त्याचा कंटाळा येईल. मुलं फार बारकाईने बघत असतात. मॅडमनी एक नियम सोडून दिला की बाकीचेही सोडले तरी चालतात, असं ती धरून चालतात, आणि मग ॲसिडच्या बाटलीविषयीचा नियमही त्याच रांगेत जाऊन बसतो. जो नियम तू प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत लावणार आहेस, तेवढाच लिही.

यादीत चौदाव्या क्रमांकावर आहे, ‘जर्नल वेळेवर पूर्ण करावे.’ तो उचलून पहिल्या क्रमांकावर आण, पण शब्द बदल. असं लिही: जे दिसलं तेच, दिसलं त्याच वेळी, पेनाने लिहायचं. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. व्हाइटनर नाही, पेन्सिलीने घेतलेलं रीडिंग नाही, सुट्या चिठोऱ्यावरचं रीडिंग नाही. बॅच सुटताना तू कच्च्या वहीवर सही करायचीस, आणि सही नसलेला आकडा फेअर जर्नलमध्ये चढणार नाही.

हे कशासाठी, ते तुला वेगळं सांगायला नको. जर्नल म्हणजे मागच्या वर्षीच्या ताईदादाकडून आणायचं आणि सबमिशनच्या आधी रात्री जागून उतरवायचं, अशी आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. निरीक्षणं उतरवलेली, आकडेमोड उतरवलेली, कधीकधी मागच्याची चूकसुद्धा जशीच्या तशी. अशा मुलाचं जर्नल पूर्ण असतं आणि प्रयोग एकही झालेला नसतो. बारावीच्या लेखी परीक्षेच्या ७० गुणांची तयारी तो बाहेर कुठेही करेल. पण ब्युरेट, म्हणजे थेंबथेंब द्रव सोडायची खुणांची नळी, हातात धरून, नजर पातळीला आणून, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला शिकण्याची जागा त्याच्या गावात एकच आहे, ती तुझी प्रयोगशाळा.

बारावीची एक बॅचही तुझ्याकडे आहे, म्हणून परमँगनेटचं टायट्रेशन घे, म्हणजे एक द्रावण थेंबथेंब सोडून दुसऱ्याचं प्रमाण मोजणं. मुलगा पिपेटने, म्हणजे ठरावीक माप ओढून घेणाऱ्या नळीने, १० मिली ऑक्झॅलिक ॲसिड फ्लास्कमध्ये घेतो, विरल सल्फ्युरिक ॲसिड घालतो, ६० ते ७० अंशांपर्यंत तापवतो आणि ब्युरेटमधून परमँगनेट सोडायला लागतो. पहिले दोन-चार थेंब पडतात आणि गुलाबी रंग जाता जात नाही. घाईचा मुलगा तिथेच हात वर करतो, ‘मॅडम, एंड पॉइंट आला!’, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाली. त्याला म्हणावं, हलव आणि थांब. थोड्या वेळाने रंग जातो, आणि मग मात्र पुढचे थेंब पडताक्षणी दिसेनासे होऊ लागतात. अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच तिचा वेग वाढवतात म्हणून हे होतं. पाठ्यपुस्तकात त्याला स्वयंउत्प्रेरण म्हटलेलं असतं आणि मुलं व्याख्या पाठ करतात. फ्लास्कमध्ये ते घडताना पाहून ‘सुरुवातीला रंग जायला वेळ लागला’ एवढी एक ओळ ज्याने लिहिली, त्याला व्याख्या पाठ करावी लागणार नाही. ही ओळ कुठल्याच ताईच्या जर्नलमध्ये नसते. ती दिसली की तिथे मुद्दाम बरोबरची खूण कर आणि वर्गात वाचून दाखव.

आता दुसरा मुलगा बघ. त्याच्याकडून ॲसिड कमी पडलं, फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला. तो इकडेतिकडे बघतो, फ्लास्क गुपचूप बेसिनमध्ये ओततो आणि शेजाऱ्याला विचारतो, ‘तुझं किती आलं रे?’ त्या दिवशी वर्गात सगळ्यात जास्त शिकण्यासारखं त्याच्याच फ्लास्कमध्ये होतं. आम्ल कमी पडलं की परमँगनेट पूर्ण क्षपण न होता मँगनीज डायऑक्साइडपाशीच थांबतं, हे त्या तपकिरी रंगातच लिहिलेलं होतं. म्हणून आणखी एक नियम: बिघडलेला फ्लास्क मॅडमना दाखवल्याशिवाय ओतायचा नाही, आणि दाखवल्याबद्दल एकही गुण कापला जाणार नाही. दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. तो पाळलास तरच पहिला चालेल.

गुण देण्याची पद्धत खरेपणाच्या आड येऊ देऊ नकोस. उत्तर १०.० आलं की पूर्ण गुण आणि १०.६ आलं की निम्मे, असं ठेवलंस तर वीस मुलांच्या बॅचमध्ये वीसच्या वीस रीडिंगं १०.० येतील. मुलांचा यात काडीचा दोष नाही, त्यांनी तुझी गुणपद्धत नीट वाचलेली असते. त्यापेक्षा तीन-चार वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणं करून बाटल्यांवर नुसतं अ, ब, क लिही आणि शेजारीशेजारी वेगळी बाटली येईल अशी मांड. शेजाऱ्याचा आकडा उपयोगाचाच राहिला नाही की उतरवण्याचा मोह आपोआप जातो. तुझ्या हातातले अंतर्गत गुण निम्मे निरीक्षणाच्या नोंदीला दे. पायलट रीडिंग, म्हणजे अंदाजाचं पहिलं रीडिंग, आणि पुढची तिन्ही रीडिंगं लिहिलेली हवीत. तिन्ही जुळली नाहीत तर चौथं घ्यायचं, सी.बी.आर., म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारं ब्युरेट रीडिंग, दाखवण्यासाठी एखादं रीडिंग पुसून नवं घालायचं नाही. ९.८, १०.३, ९.९ अशी नोंद असेल तर ती वही माझ्या लेखी कोऱ्या करकरीत १०.०, १०.०, १०.० पेक्षा मोलाची आहे. परमँगनेटचा रंग गडद असतो, त्यामुळे ब्युरेटमध्ये पातळीची वरची कड वाचायची, हे आधीच सांग. पुष्कळ घोळ तिथेच होतात.

मुलं विचारतील, आकडा जरासा इकडेतिकडे केला तर काय बिघडलं? त्यांना रॅलेची गोष्ट सांग. १८९२च्या सुमारास लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून काढलेल्या नायट्रोजनची घनता लिटरला १.२५७ ग्रॅमच्या आसपास येई आणि अमोनियासारख्या संयुगांपासून केलेल्या नायट्रोजनची १.२५१ च्या आसपास. फरक अर्ध्या टक्क्याचा. तो सहज पुसून टाकता आला असता. त्यांनी तो पुन्हा पुन्हा मोजला आणि ‘नेचर’मध्ये पत्र लिहून इतरांना विचारलं की याचं कारण कोणी सांगेल का. पुढे विल्यम रॅमझी सोबत आले आणि १८९४ मध्ये आर्गॉन सापडला. आपण श्वासाबरोबर रोज घेतो त्या हवेचा जवळजवळ एक टक्का भाग तोवर रसायनशास्त्राच्या नजरेतून निसटला होता. १९०४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, एकाला भौतिकशास्त्राचं, दुसऱ्याला रसायनशास्त्राचं. आवर्तसारणीतल्या अठराव्या गणाचा धडा आला की ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

सुरक्षेचे नियम मात्र तू लिहिले आहेस तेवढे सगळे ठेव, आणि त्यात दुसरी संधी देऊ नकोस. सुरक्षेचा चष्मा, सुती ॲप्रन, बांधलेले केस, खोचलेली ओढणी, पूर्ण बंद बूट. यातलं एक नसेल तर त्या दिवशी प्रॅक्टिकल नाही, भरपाईच्या बॅचला यायचं. प्रत्येक नियमाबरोबर त्याचं कारण सांग, कारण कळलं की मुलं एकमेकांवरही लक्ष ठेवतात. सुती का, तर सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं. ॲसिड पाण्यात का ओतायचं, तर उलट केलं की वरचं पाणी क्षणात उकळून ॲसिडसकट अंगावर उडतं. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं का समजायचं नाही, तर प्रमाण वाढलं की तो वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. तोंडाने पिपेट ओढणं तर आपल्याकडे अजूनही चालतं. तू ते पहिल्या दिवसापासून बंद कर. पिपेट बल्बसाठी प्राचार्यांकडे अर्ज दे, आणि ते येईपर्यंत त्या प्रयोगापुरता मोजपात्राने भाग. अचूकता जरा कमी पडेल, ती परवडेल.

लॅबमधल्या काकांना विचारल्याशिवाय कोणतीही बाटली हलवू नकोस. कोणती बाटली कधीची, कोणता गॅसचा नळ हट्टी आहे, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. मुलांसमोर त्यांना मान दे, म्हणजे मुलंही देतील.

उशिरा येणाऱ्यांबद्दल तू फार कडक लिहिलं आहेस. ही मुलं पहाटे क्लासला जाऊन, एसटी पकडून येतात. थिअरीच्या तासाला उशीर झाला तर मागच्या दाराने येऊन बसू दे, दाराबाहेर उभं राहून कोणी मोल संकल्पना शिकत नाही. प्रॅक्टिकलला मात्र सूचना संपल्यावर आलेल्याला आत घेऊ नकोस, तिथे प्रश्न शिस्तीचा नसून डोळ्यांचा आहे. ७५ टक्के हजेरी बोर्डाची आहे, ती तुझी धमकी म्हणून वापरू नकोस. मोबाइल बॅगेत, विषय संपला. कॅल्क्युलेटर वर्गातही नको, कारण बोर्डाच्या परीक्षेला तो चालत नाही, लॉग टेबल चालतं. पहिल्या महिन्यापासून लॉग टेबलची सवय लागलेली मुलं परीक्षेत घामाघूम होत नाहीत. गणितात शेवटचं उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण दे, आणि एकक लिहिलं नाही तर न चुकता काप.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं तुझ्या वर्गात बरीच असतील. ‘शंका इंग्रजीतच विचारावी’ हा तुझा नियम कृपा करून खोड. अवक्षेप, संयुजा, आम्लारी हे शब्द त्यांना पक्के येतात, त्यांच्यामागची कल्पनाही येते. इंग्रजी शब्द तू फळ्यावर शेजारी लिहीत जा, ती दिवाळीपर्यंत उचलतात. पण जून-जुलैत शंका गिळलेली मुलं पुढे विचारणंच सोडून देतात, आणि ती हुशार असतात, म्हणून जास्त वाईट वाटतं. एका चाचणीत घसरलेल्याला फेरचाचणी दे, मात्र आधी चुकलेले प्रश्न दुरुस्त करून आणल्याशिवाय नाही.

नवी यादी एका पानात बसली पाहिजे. झाली की पाठव.

तुझा,
सर

ता.क. यादी करण्याआधी प्रयोगशाळेतला बेसिनचा नळ उघडून बघ, दुपारच्या बॅचच्या वेळी. डोळ्यात काही उडालं तर निदान १५ मिनिटं सलग पाण्याने धुवावं लागतं. दुपारी टाकी रिकामी होत असेल, तर प्रॅक्टिकलची बॅच सकाळी घ्यायला लाव.