समितीत नवीन आहात? बस अशी तपासा

अभिनंदन! शाळेच्या बसवर लक्ष ठेवणाऱ्या परिवहन समितीत पालकांनी उत्साहाने यायलाच हवं. महाराष्ट्राच्या २०११च्या स्कूल बस नियमावलीने प्रत्येक शाळेला ही समिती बंधनकारक केली आहे, त्यामुळे बस बघायला मागताना अजिबात संकोच करू नका.

सुरुवातीला एवढंच बघा:

- आपत्कालीन दार. ड्रायव्हरकाकांना ते तुमच्यासमोर आतून उघडायला सांगा. "उघडतं हो" यावर थांबू नका. बऱ्याचदा हँडल गंजून घट्ट बसलेलं असतं, नाहीतर दारापाशी दप्तरांचा ढीग किंवा जादाची सीट असते. दाराला कुलूप दिसलं, तर ते निघेपर्यंत गाडीत मुलं बसवू देऊ नका.
- अग्निशामक. काटा हिरव्या पट्ट्यात हवा, नळकांडं ड्रायव्हरच्या हाताशी हवं.
- कागद. फिटनेस (गाडी चालवण्यायोग्य असल्याचा दाखला), विमा, पीयूसीच्या तारखा गाडीच्या नंबरवरून सरकारच्या एमपरिवहन ॲपवर दिसतात.
- मुली असतील तर महिला मदतनीस, शेवटचं मूल उतरेपर्यंत.

नवखे पालक हमखास एक चूक करतात: दुपारी शाळेच्या आवारात उभी असलेली रिकामी, धुतलेली बस बघून सही करतात. सकाळी पुण्यातल्या सिंहगड रोडच्या गर्दीत, स्टॉपवर उभं राहून बघा. एका सीटवर किती मुलं कोंबली आहेत, ते तिथेच कळतं.

आणि ड्रायव्हरकाकांशी भांडू नका. ब्रेक कुठे कमी लागतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. विश्वास बसला की ते स्वतःहून सांगतात. दोष मात्र मुख्याध्यापकांना लेखीच कळवा आणि पोच घ्या.

टायर, स्पीड गव्हर्नर (वेगावर मर्यादा घालणारं यंत्र) वगैरे पुढच्या वेळी.