मंजुरी पत्र आल्यानंतरचे काम

बीड जिल्ह्यातील आपल्या अनुदानित महाविद्यालयाला विद्यापीठ अनुदान आयोगाची २(फ) व १२(ब) या कलमांखालील मान्यता मिळाली असून अनुदानाच्या कामाचे समन्वयकपद आपल्याकडे आले आहे, तेव्हा प्रस्ताव कसा लिहावा, असे आपण विचारले आहे, मॅडम. मराठवाड्यातल्याच एका तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवताना हे काम मी अनेक वर्षे सांभाळले. त्या अनुभवावरून सांगतो की, प्रस्ताव लिहिणे हा यातला लहान भाग आहे; मिळालेल्या पैशाचा हिशेब वेळेत पूर्ण करणे हा मोठा भाग आहे आणि त्याची तयारी प्रस्ताव लिहितानाच करावी लागते.

१९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यातील १२(ब) मुळे केंद्रीय निधीसाठी आपण पात्र ठरता, एवढेच. निधी आपोआप येत नाही. २०१३ ची रुसा (राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान) ही केंद्राची योजना २०२३ पासून पीएम-उषा या नावाने चालते. तिच्यात आपल्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असतो आणि प्रस्ताव राज्य शासनामार्फत जातो. पदवी स्तरावरील विज्ञान विभागांसाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना आहे, तीही अवश्य पाहावी.

माझ्या पहिल्या प्रस्तावात ‘विभागाच्या सर्वांगीण विकासासाठी अद्ययावत उपकरणांची नितांत गरज आहे’ असे वाक्य होते आणि तो नामंजूर झाला, ते योग्यच होते. पुढच्या वेळी आम्ही परिसरातील तीस विहिरी व बोअरवेल निवडल्या. पावसाळ्यापूर्वी व नंतर त्यांच्या पाण्यातील नायट्रेट आणि क्षारता कोणते विद्यार्थी, कोणत्या उपकरणावर तपासतील आणि निष्कर्ष कोणत्या ग्रामपंचायतींना दिले जातील, हे लिहिले. तो प्रस्ताव मंजूर झाला. दुष्काळी भागातील महाविद्यालयाकडे असे प्रश्न दाराशीच असतात, ते सोडून दिल्लीला आवडेल अशा भाषेच्या मागे लागू नये.

अंदाजपत्रकात मात्र आम्ही चुकलो. पाण्यातील नायट्रेट मोजण्याचा स्पेक्ट्रोफोटोमीटर आला, पण त्या खोलीत स्वतंत्र अर्थिंग नव्हते, स्टॅबिलायझर व वातानुकूलन यंत्राची तरतूद कोठेच केलेली नव्हती, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे व विजेची ये-जा आपण जाणताच. खोके सात महिने तसेच बंद राहिले. वॉरंटीची मुदत मात्र पुरवठ्याच्या दिवसापासून सुरू झाली होती. म्हणून उपकरणाच्या किमतीखाली ते चालवण्याचा खर्च लिहिल्याशिवाय ती ओळ पूर्ण झाली असे समजू नये.

रक्कम आली की मंजुरी पत्रातील अटींप्रमाणे बँक खाते आणि त्या योजनेचे स्वतंत्र कीर्दपुस्तक, दोन्ही त्याच आठवड्यात सुरू करावीत. आवर्ती शीर्षातील (मानधन, रसायने असा पुन्हा पुन्हा होणारा खर्च) शिल्लक पूर्वपरवानगीशिवाय अनावर्ती शीर्षाकडे (उपकरणांसारखा एकदाच होणारा खर्च) वळवू नये. अनुदानावर मिळालेले व्याज महाविद्यालयाचे नसते. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ नुसार ते भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्र सरकारच्या तिजोरीत, जमा करावे लागते. आम्ही त्या व्याजातून रसायने घेतली. हेतू चांगला होता, तरी लेखापरीक्षणात आक्षेप आला आणि दुसरा हप्ता चौदा महिने अडकला. त्या काळात प्रकल्प सहायकाला मानधन देता आले नाही, याची खंत मला आजही आहे.

त्यानंतर आम्ही एक सवय लावून घेतली. दर शनिवारी वरिष्ठ लिपिक आणि मी आठवड्याची बिले घेऊन बसत असू. उपकरणाच्या प्रत्येक बिलाच्या पाठीमागे डेड स्टॉक रजिस्टरचा (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीचा) पान क्रमांक, वस्तू मिळाल्याची तारीख आणि भांडारपालाची सही झाल्याशिवाय धनादेश निघत नसे. दरपत्रके, तुलनात्मक तक्ता व खरेदी समितीचे इतिवृत्त त्याच बिलाला जोडलेले असे. मार्चनंतर सनदी लेखापालांकडे जीएफआर १२-ए (त्याच सामान्य वित्तीय नियमांतील) नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे रक्कम ठरलेल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला, तयार करायला आम्हाला दोन दिवस पुरत.

आणखी एक नाजूक गोष्ट आहे. ‘तूर्त ही रक्कम बांधकामाला वापरू, नंतर भरून देऊ’ असे महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेकडून कधी सुचवले जाते. अशा वेळी वाद न घालता मंजुरी पत्रातील अट महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत वाचून दाखवावी आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. समन्वयक कनिष्ठ असला तरी त्या नोंदीमुळे त्याला आधार मिळतो.

प्रस्तावाच्या पहिल्या बैठकीपासून लेखा लिपिकाला सोबत बसवावे. अंदाजपत्रकाचा मसुदा झाला की मला दाखवावा. देखभाल आणि वीजजोडणी हे दोन रकाने मी आधी पाहीन.