पत्रपेटीवर नाव लावता येईल का, हे आधी विचार

ऑक्टोबरच्या हिवाळी सत्रासाठी जर्मनीत मास्टर्सला प्रवेश मिळालाय, व्हिसा हातात आहे, पण खोलीचा पत्ता नाही. तिथूनच खोली पक्की करून निघू की इकडे उतरून शोधू, असं तू विचारलंस. आणि व्हिडिओ कॉलवर खोली न दाखवताच एक जण डिपॉझिट मागतोय, ते पाठवू का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. पाठवू नकोस. "मी सध्या बाहेरगावी आहे, पैसे जमा झाले की किल्ली पोस्टाने पाठवतो," असं म्हणणाऱ्याकडे किल्ली नसते आणि खोलीही नसते.

वसतिगृहासाठी स्टुडिएरेंडनवेर्ककडे, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थेकडे, अर्ज कसा करायचा हे विद्यापीठाच्या साइटवर नीट लिहिलेलं आहे, म्हणून ते मी परत सांगत बसत नाही. केला नसशील तर आजच कर, एवढंच. तुझा प्रश्न वाचून माझे पहिले चार महिने डोळ्यांसमोर आले, त्याबद्दल लिहिते.

मी स्टुटगार्टला आले. वर्ग फायहिंगेनच्या कॅम्पसवर होते आणि मला खोली मिळाली ती एस-बानने, म्हणजे लोकल ट्रेनने, थोडं पुढे, ब्योब्लिंगेनच्या बाजूला. पोटभाड्याने. मूळ भाडेकरू तिथेच राहायचा आणि त्याने एक खोली मला दिली होती. पलंग, टेबल, मोठी खिडकी, भाडंही झेपणारं. मी इतकी हरखले की काहीच विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी नोंदणीचा कागद मागितला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "ते जमणार नाही." घरमालकाला त्याने माझ्याबद्दल कळवलंच नव्हतं.

या कागदाचं महत्त्व तिथे बसून कळत नाही. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. नोव्हेंबर २०१५ पासून त्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेलं वेगळं पत्र लागतं, नुसता भाडेकरार पुरत नाही. पुढचं सगळं या नोंदीवर अडतं. तुझा कर-क्रमांक नोंद झाल्यावर पोस्टाने घरी येतो, आणि तो नसेल तर अर्धवेळ कामाच्या पगारातून सगळ्यात जड वर्गाने कर कापला जातो. व्हिसा काही महिन्यांचाच असतो. तो संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तिथेही पहिला प्रश्न हाच असतो की नोंद कुठे आहे.

एक सीनियर म्हणाला, "माझ्या पत्त्यावर नोंद कर, सगळे करतात." तसं करू नकोस. जिथे कोणी राहत नाही तिथला पत्ता नोंदणीसाठी देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, आणि खोटी नोंद करणाऱ्यालाही दंड होऊ शकतो. मी नाही म्हटलं, पण खरं सांगते, दोन रात्री 'हो' म्हणायच्या विचारात होते.

आता पत्रपेटीचं. जर्मन पत्त्यात फ्लॅटचा नंबर नसतो. पोस्टमन रस्ता आणि इमारत बघतो आणि मग पेट्यांवरची नावं वाचतो. नाव नसेल तर पत्र उलट्या पावली परत जातं. माझं आरोग्य विम्याचं कार्ड असं दोनदा परत गेलं. मग मी एका पांढऱ्या कागदाची पट्टी कापली, त्यावर पेनाने मोठ्या अक्षरांत आडनाव लिहिलं आणि मूळ भाडेकरूच्या नावाखाली चिकटपट्टीने लावली. संध्याकाळी वर्गावरून परतले तर पट्टी नव्हती. वर गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझ्या कपाशेजारी, ती नीट घडी करून ठेवलेली होती. चिकटपट्टीसकट. तो काही बोलला नाही, मीही काही बोलले नाही. भाडं मी त्याला दर महिन्याच्या एक तारखेला देत होते.

म्हणून कुठल्याही खोलीबद्दल तुझा पहिला प्रश्न भाड्याचा नको. आनमेल्डुंगचं पत्र मिळेल का, आणि पेटीवर माझं नाव लागेल का, हे विचार. जो इथे 'बघू' म्हणतो त्याला सोड, खोली कितीही छान असो.

पैशांचं थोडक्यात. जाहिरातीत काल्टमीटे लिहिलेलं असेल तर ते निव्वळ भाडं. पाणी, हीटिंग, जिन्याची साफसफाई मिळून होतं ते वार्ममीटे, आणि विजेचं बिल बहुधा त्यावरही वेगळं. डिपॉझिट, म्हणजे काउत्सिओन, कायद्याने तीन महिन्यांच्या निव्वळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुला हक्क आहे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी सगळं एकदम भरलं. रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र आलं तर घाबरू नकोस. ते महिन्याला १८.३६ युरो असतं, पण माणशी नाही, घरामागे एक. घरातले सगळे वाटून घेतात.

व्हिसा संपायला जेमतेम महिना उरला असताना मला फायहिंगेनला तीन जणांनी मिळून भाड्याने घेतलेल्या घरात खोली मिळाली, अशा घराला इथे 'वेगे' (WG) म्हणतात. पेटीवर नाव लागलं, नोंद झाली. पण तिथलाही एक हिशोब माझ्या मनात अजून मिटलेला नाही. हिवाळ्यात मी कपडे खोलीतच, हीटरवर वाळवायचे. थंडी आत येऊ नये म्हणून खिडकी बंद. कपाटामागचा कोपरा काळा पडला, बुरशीने. खोली सोडताना घरमालकाने डिपॉझिटमधून ३८० युरो कापले. तो डाग माझ्याआधीपासून होता का? कपाट हलवून मी कधी बघितलंच नव्हतं. ताबा घेतानाच्या कागदावर, ज्यात भिंती, फरशी, खिडक्यांची अवस्था लिहितात, मी न वाचता सही केली होती. फोटो एकही नव्हता. तू कपाट हलव, प्रत्येक कोपऱ्याचा फोटो काढ, मगच सही कर. आणि कितीही थंडी असो, दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघड, पाच-दहा मिनिटं. इथल्या लोकांना हे वेड आहे असं मला वाटायचं. त्यांचं बरोबर होतं.

एकटं वाटेल का, असंही विचारलं आहेस. वाटेल. नोव्हेंबरच्या शेवटी साडेचारला अंधार पडतो. अभ्यास मागे लागला की दिवस भरतो.

यापुढचं लिहू की नको, असं होतंय. आज मी स्वतः अशा वेगेमध्ये मुख्य भाडेकरू आहे. गेल्या वर्षी आमच्यातली एक जण इंटर्नशिपला गेली, तेव्हा तिच्या खोलीची जाहिरात मी टाकली, घरमालकाची लेखी परवानगी घेऊन. एका रात्रीत नव्वदच्या वर मेसेज आले. ते वाचता वाचता मी काय केलं, तर जे अजून देशाबाहेर होते, प्रत्यक्ष येऊन खोली बघू शकणार नव्हते, त्यांचे मेसेज उघडून तसेच सोडले. त्यात एका मुलीचा होता. विद्यापीठाचं नाव, गुण, शिष्यवृत्ती, 'मी अत्यंत शांत आणि जबाबदार आहे'. शब्दाला शब्द माझाच जुना मेसेज. मी तिला उत्तर दिलं नाही. शनिवारी येऊन आमच्याबरोबर चहा प्यायलेल्या मुलीला खोली दिली.

त्या बाजूला बसल्यावर कळलं की गुण कोणी बघत नाही. घरात राहणाऱ्याला हे कळायला हवं असतं की तू सकाळी किती वाजता उठतेस, रोज स्वयंपाक करतेस का, बाथरूम साफ करायची पाळी पाळशील का. स्टुटगार्टकडे तर जिना झाडायची आठवड्याची पाळी असते, केरवोखे, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर तशी पाटी टांगतात. त्या पाटीबद्दल तू मेसेजमध्ये एक ओळ लिहिलीस तर वाचणारी थांबेल. जाहिरातीतल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख कर, दोन ओळी जर्मनमध्ये लिही, मोडक्या असल्या तरी. आणि व्हिडिओ कॉलची वेळ तूच सुचव.

आता तुझा मूळ प्रश्न. वसतिगृह मिळालं तर प्रश्नच मिटला. नाही मिळालं तर तिथून वर्षभराचा करार करू नकोस. पहिल्या तीन-चार आठवड्यांपुरती जागा घे, शक्यतो जिथे आनमेल्डुंग होते अशी, आणि सप्टेंबरच्या मध्यालाच ये. वर्ग सुरू व्हायच्या आठवड्यात सगळेच शोधत असतात.

शहर कोणतं ते तू लिहिलेलं नाहीस. स्टुटगार्ट किंवा आसपासचं असेल तर जाहिरात मला पाठव. शनिवारी मी मोकळी असते. मी जाऊन खोली बघते, तू फोनवर राहा. कपाट हलवून मागचा कोपरा दाखवीन, आणि खाली उतरून पत्रपेटीही.