उस्मानाबादी करडाचं एक वृषण काढावं लागलं. बोकड पुढे पैदाशीला चालेल का?

हो, चालेल. दोन महिन्यांच्या वयात कुत्रा चावल्यामुळे एक वृषण काढलं असलं, तरी दुसरं धड असेल तर बोकड वयात येतो, वासही सुटतो आणि शेळ्या गाभण राहतात. वृषणातून निघणारं इन्हिबिन हे संप्रेरक मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीला लगाम घालतं. एक वृषण गेलं की इन्हिबिन घटतं आणि ग्रंथी एफएसएच, म्हणजे वृषणाला चालना देणारं संप्रेरक, जास्त सोडते. कोवळ्या वयात सर्टोली पेशी, म्हणजे शुक्रजंतूंना पोसणाऱ्या पेशी, अजून वाढत असतात. एफएसएचमुळे त्यांची संख्या वाढते आणि उरलेलं वृषण नेहमीपेक्षा मोठं भरतं. हाताला स्पष्ट लागतं, ती सूज समजून घाबरू नका. टेस्टोस्टेरॉन या नर संप्रेरकाची तूटही तेच वृषण बहुतांशी भरून काढतं. मोठ्या बोकडात मात्र एवढी भरपाई होत नाही, कारण तोवर सर्टोली पेशींची वाढ थांबलेली असते. कळपात सोडण्याआधी परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात वीर्य तपासून घ्यावं, असं मला वाटतं. पण वृषण पोटातून खाली उतरलंच नाही म्हणून काढलं असेल, तर तो बोकड पैदाशीला ठेवूच नका. हा दोष पुढच्या करडांत उतरू शकतो.